प्लेनोचं ऊन, नोव्हायचा बर्फ

प्लेनो, टेक्सस
१० ऑक्टोबर २००४

प्रिय रत्ना,
सप्रेम जय भीम.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज ठेवला तर उलटा फोन येत नाही. ईमेल केली तर 'आम्ही ठीक आहोत' एवढं एक वाक्य येतं, तेही इंग्रजी अक्षरांतलं. म्हणून आज संग्रामच्या टेबलावरून कागद उचलले आणि बसले. शाळा सुटल्यापासून इतकं मराठी कधी लिहिलं नाही, चुका काढू नकोस.

भूषणला जाऊन आता पाच महिने होतील. माझा धाकटा भाऊ गेला आणि मला त्याचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. नेमका माझा पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला. बाबांना फोनवर विचारते तर म्हणतात, 'ऊन लागलं, बाई.' आई नुसती रडते. तू तर त्या विषयाच्या जवळपासही फिरकू देत नाहीस. अगं, ऊन काय आम्हाला लहानपणी लागलं नाही? नागपूरला इंदोऱ्याच्या गल्लीत मे महिन्यात दिवसभर उनाडायचो आम्ही दोघं. छत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस चुलतबहिणीच्या लग्नाला जातो आणि उन्हाने मरतो, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही. तू त्याच्याजवळ होतीस. काय झालं ते मला सांग ना.

आणि दुसरं म्हणजे, इकडे ये. संग्राम म्हणतो त्याच्या ऑफिसात तुझ्यासारख्या इंजिनियरला सहज काम मिळेल. वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. सुशांत चौदा वर्षांचा झाला, दिवसभर कानात वायर घालून असतो, उपासना आली तर घरात आवाज तरी होईल. इथे आत्ता आम्ही संध्याकाळी अंगणात बसून चहा पितो. तिकडे आता बर्फ सुरू होईल. इतकी वर्षं ड्राइव्हवे भूषण साफ करायचा. आता कोण करणार? सात वर्षांची पोर घेऊन तू त्या डीप फ्रीझरमध्ये काय करून राहिली?

उत्तर लिही. हातानेच लिही.

तुझी,
सुवर्णाताई


नोव्हाय, मिशिगन
२८ नोव्हेंबर २००४

सुवर्णाताईंना,
जय भीम.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला.

ड्राइव्हवे मी साफ करते. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी पहिला मोठा बर्फ पडला. शेजारच्या घरात वॉल्टर म्हणून एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे बर्फ उडवायचं मशीन आहे. 'मी करून देतो' म्हणाले. मी नको म्हटलं. मला फावड्याने करायला बरं वाटतं. एक कडा धरायची आणि सरळ पुढे जायचं. मागे वळून पाहिलं तर परत पातळ थर बसलेला असतो. तो पुन्हा काढायचा. वेळ जातो.

बर्फ पडला की सगळे आवाज बंद होतात. गाड्या जातात पण ऐकू येत नाहीत. ऑफिसात सगळे हिवाळ्याला शिव्या घालतात, मीही मान हलवते. खरं तर तो संपू नये असं मला वाटतं.

आमच्या कंपनीत गाड्यांचे डॅशबोर्ड, दारांची हँडलं असलं सामान टेस्ट होतं, तुम्हाला माहीत आहे. खोलीएवढे दोन चेंबर आहेत. एक उणे चाळीसवर असतो, दुसऱ्यात भट्टी. त्यात प्लॅस्टिक तडकतं की वाकतं ते बघायचं. आधी दोन्ही माझ्याकडे होते. गरम चेंबरचं दार उघडलं की तोंडावर झळ येते. जूनमध्ये परत आल्यावर ते काम मी राधिकाला दिलं. पुण्याची मुलगी आहे, तिला थंडी सोसत नाही. आता गार चेंबर मी बघते.

टेक्ससला येणं जमणार नाही. तुम्ही जे विचारलंत त्याबद्दल नंतर लिहीन.

उपासना ठीक आहे.

रत्ना


प्लेनो
१९ जानेवारी २००५

प्रिय रत्ना,
जय भीम.

काल तुझ्या घरचा फोन उपासनाने उचलला. मी विचारलं, बेटा, जेवलीस का, शाळा कशी आहे. सगळ्याला 'फाइन' म्हणाली. मग म्हणते, 'आत्या, आय स्लीप विथ माय जॅकेट ऑन.' मी विचारलं का गं? तर म्हणाली, 'मॉम लाइक्स इट कोल्ड.'

रत्ना, बाहेर शून्याखाली पारा आणि तू घरातला हीटर बंद ठेवतेस? हे काय चाललंय? मी रात्रभर विचार केला. मला वाटतं तू स्वतःला शिक्षा करून घेतेयस. तो गेला आणि मी राहिले, म्हणून मी कुडकुडायचं, असं काहीतरी. मी माझ्या मैत्रिणीला, सुलभाला, विचारलं. ती इथे कौन्सेलर आहे. ती म्हणाली, असं करतात लोक. पण भूषणला हे चाललं असतं का? तो थंडीला किती भित्रा होता. नागपूरच्या जानेवारीतसुद्धा कानटोपी घालून फिरायचा.

मे महिन्यात वर्ष होईल. पुण्यानुमोदन आमच्या घरी करू. डॅलसकडच्या विहारातून भन्तेजी येतील, आपली चार माणसं येतील. तेवढ्याला तरी पोरीला घेऊन ये. जरा उबेत बस. माझ्या हातचं खा.

आणि आज, आत्ता, हे पत्र खाली ठेवून हीटर लाव.

सुवर्णाताई


नोव्हाय
१३ फेब्रुवारी २००५

सुवर्णाताईंना,
जय भीम.

हीटर लावला. उपासनाच्या खोलीत आता चांगलं गरम असतं. ती जॅकेट घालत नाही. माझं चुकलं होतं. तिला थंडी वाजत असेल हे माझ्या लक्षातच आलं नाही.

शिक्षा वगैरे काही नाही. सुलभाताईंना तसं सांगा. मला थंडीत त्रास होत नाही, इतकंच आहे.

तुमच्या कानावर दुसरीकडून यायला नको म्हणून सांगते. मागच्या आठवड्यात गाडी घसरली. रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता, तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. ग्रँड रिव्हर रोडवर वळताना गाडीने स्टीअरिंगचं ऐकणं सोडलं. ती गोल फिरली, समोरून ट्रक येत होता तो पुढे निघून गेला, आणि आम्ही बाजूच्या खड्ड्यात मऊ बर्फात जाऊन थांबलो. लागलं कुणालाच नाही. उपासना मागे होती, ती रडत होती. मी इंजिन बंद केलं आणि पुढच्या काचेवर बर्फ साठत होता तो बघत बसले. मग ती म्हणाली, 'मॉम, से समथिंग.' मग मी टो ट्रकवाल्याला फोन लावला.

राधिका म्हणाली, मी असते तर आठवडाभर थरथरत असते. मी दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने ऑफिसला गेले.

मे महिन्यात येऊ. उपासनाला तुमच्याकडे यायचं आहे.

रत्ना


प्लेनो
१२ जून २००५

प्रिय रत्ना,
जय भीम.

तू गेलीस तेव्हापासून हे पत्र तीनदा फाडलं. त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर 'वेड लागलंय का तुला' म्हणाले, ते माझ्या मनातून जात नाही. माफ कर. पण मला अजून समजलं नाहीये, म्हणून मी पुन्हा पुन्हा आठवून बघते.

पुण्यानुमोदन किती छान झालं होतं. भन्तेजींनी सुत्तपठण केलं, भूषणच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, लोक त्याच्याबद्दल बोलले. तू शांत होतीस. मला तर वाटलं, आता मोकळी होईल. दुसऱ्या दिवशी पोरं मागच्या पूलवर होती. ऊन कडक होतं, हे खरं, पण इथे रोजच असतं. उपासना पाण्यातून निघून खुर्चीवर लोळली आणि तिला डुलकी लागली. तू आतून आलीस, तिच्या दंडाला हात लावलास, आणि ओरडलीस. तसा आवाज मी कधी ऐकला नाही. तू पोरीला उचललंस, फरफटत बाथरूममध्ये नेलंस आणि गार पाण्याच्या शॉवरखाली धरलंस. ती किंचाळतेय, तू सोडत नाहीस. संग्रामने आणि मी तुझे हात सोडवले. तिच्या दंडावर तुझ्या बोटांचे वळ होते गं.

तीन दिवसांनी विमानतळावर म्हणालीस, 'ताई, हिला इथेच राहू द्या. शाळेतही इथेच घाला.' एवढं बोलून सिक्युरिटीच्या रांगेत लागलीस. एकदाही वळून पाहिलं नाहीस. पोर माझ्या कमरेला धरून उभी होती.

मी तिला जिवापाड सांभाळीन, त्याची काळजी नको. पण रत्ना, मला सांग, ही सोय आहे की काय आहे?

सुवर्णाताई


नोव्हाय
३ जुलै २००५

सुवर्णाताईंना,
जय भीम.

तुम्ही माफी मागू नका. तुम्ही बरोबर बोललात.

तिथे राहिलेलं तिच्यासाठी चांगलं. तुमच्या घरात लोक बोलतात, जेवतात, भांडतात. इथे मी आहे आणि टीव्ही आहे. शाळेचे जे कागद असतील ते पाठवा, सही करून पाठवीन.

इथेही उन्हाळा आहे. मी ऑफिसला लवकर जाते आणि उशिरा येते. गार चेंबरच्या बाहेर एक स्टूल आहे. दुपारी जेवण तिथे करते.

तिला आंबट वरण आवडतं. रात्री दार थोडं उघडं ठेवावं लागतं.

रत्ना


प्लेनो
९ ऑक्टोबर २००५

प्रिय रत्ना,
जय भीम.

कागद मिळाले. उपासना तिसरीत जाते आहे, टीचर चांगली आहे, मैत्रिणीही झाल्या. सुशांत तिला सायकल शिकवतो. वजन वाढलंय, गाल भरलेत. सगळं अगदी मजेत आहे, तू कशाचीही चिंता करू नकोस.

तू दर रविवारी फोन करतेस तेव्हा ती 'फाइन' म्हणून मला रिसीव्हर देते, ते मनाला लावून घेऊ नकोस. या वयात पोरं अशीच असतात. सुशांतही माझ्याशी एवढंच बोलतो.

डिसेंबरच्या सुट्टीत तू ये. तेव्हा इथे ऊन नसतं.

सुवर्णाताई


नोव्हाय
२७ डिसेंबर २००५

सुवर्णाताईंना,
जय भीम.

मी आले नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. तिकीट काढलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी बॅग भरून बसले आणि विमानाची वेळ निघून गेली. दुसरं कारण नाही.

या वर्षी बर्फ लवकर आला आणि राहिला. संध्याकाळी मी वॉल्ड लेकच्या काठाने चालते. तळं गोठलं आहे. लोक त्यावर लाकडी खोपटी ठोकून आत मासे धरत बसतात. कुणी कुणाशी बोलत नाही. मला तिथे बरं वाटतं.

एक छोटी गोष्ट झाली. शनिवारी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. वायपर चिकटला होता म्हणून हातमोजे काढले. तो निघाला. मग मी पायरीवर बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. वॉल्टर कुत्र्याला घेऊन जाताना थांबले आणि ओरडले, 'रत्ना! युअर हँड्स!' मी बघितलं तर बोटांची टोकं मेणासारखी पांढरी होती. मला काहीच जाणवलं नव्हतं. त्यांनीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात कोमट पाण्यात ठेवायला लावले. म्हणाल्या, आता रक्त परत येईल तसं खूप दुखेल, ओरडलात तरी चालेल. मी वाट बघत बसले. दुखलं. पण ते फक्त हाताचं दुखणं होतं. मला वाटलं होतं आणखी काही येईल.

दोन बोटांची कातडी सोलली आहे. बाकी बोटं वाचली. हे पत्र वाकडंतिकडं आलंय ते त्यामुळे.

तुम्ही विचाराल, उपासनाची आठवण येते का. मला माहीत आहे की यायला हवी. तिची खोली मी रोज उघडते. आणि बंद करते.

रत्ना


प्लेनो
१५ जानेवारी २००६

रत्ना,

तुझं पत्र वाचलं. तू मरायला निघालीयेस का? मरायचं असेल तर तसं सांग, निदान या वेळी मी वेळेवर पोहोचेन.

आता खरं लिहिते. मी तुला खोटं लिहिलं होतं. उपासना मजेत नाहीये. सायकल शिकली, गाल भरले, हे खरं आहे. पण ती पूलकडे जात नाही. अंगणात जात नाही. शाळेत सुट्टीतसुद्धा सावलीत उभी राहते, म्हणून टीचरने मला बोलावून घेतलं. दिवसातून दहा वेळा मनगटं नळाखाली धरते. मला वाटलं खेळ असेल. परवा मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, का करतेस गं असं? तिने उत्तर दिलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. 'डिड मॉम सेंड मी अवे बिकॉज आय वॉज हॉट?'

आईने मला पाठवून दिलं कारण माझं अंग गरम होतं. आठ वर्षांची पोर हे मनात घेऊन सात महिने हिंडतेय, रत्ना. आणि मी तिला काय सांगू? मलाच काही माहीत नाही. तिच्या बापाचं काय झालं, हे या घरात कुणालाच माहीत नाही. मी दीड वर्ष तुझ्याकडे भीक मागतेय.

मला नको सांगूस. मी माझ्या भावाचं काय झालं ते न कळता मरेन. पण तिला सांग. ती स्वतःला थंड करायला बघतेय.

सुवर्णा


नोव्हाय
५ फेब्रुवारी २००६

ताई,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून लिहिते आहे. आधी तुम्हाला सांगते. तुमचा हक्क पहिला होता.

तुमच्या चुलतबहिणीचं, कादंबरीचं, लग्न दुपारचं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मांडव कापडाचा. नागपूरच्या उन्हाची भूषणची सवय सात वर्षांत मोडली होती, पण त्याला ते मान्य नव्हतं. 'मी इथलाच आहे यार' म्हणत सकाळपासून पळत होता. पाहुण्यांना पाणी, खुर्च्या, बर्फाचे ड्रम, सगळं त्याला स्वतः करायचं होतं. खूप खूश होता. बाबा म्हणाले, डोक्याला दुपट्टा बांध. बांधला, आणि मग फोटोसाठी सोडला. मंगलपरिणय झाला तेव्हा माझ्याकडे बघून हसला. जेवणाच्या वेळी म्हणाला, डोकं जड झालंय. मी बघितलं तर त्याचा सदरा कोरडा होता. सगळे घामाने भिजलेले आणि तो कोरडा. मला वाटलं, वाळला असेल.

आम्ही घरी आलो. उपासना तिकडेच मांडवात मुलांबरोबर राहिली. घरी लाइट गेलेली. कूलर बंद. तो पडला आणि थोड्या वेळाने बरळायला लागला. नोव्हायच्या घराचं दार लावलं का, गॅरेज उघडं राहिलं, असं काहीतरी. मग तुमचं नाव घेतलं. 'सुवर्णा, बाबा येतील, चल घरी,' असं म्हणाला, लहान मुलासारखं. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. मी आणि बाबांनी ओले टॉवेल घातले, ते हातातच गरम व्हायचे. ऑटोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. संध्याकाळी, ऊन उतरायच्या आधी, तो गेला. ते म्हणाले, गेला.

मला पटलं नाही, ताई. आपण ऐकलेलं असतं की माणूस मेला की गार पडतो. तो गार पडला नाही. त्याला घरी आणला, पुढच्या खोलीत ठेवला. बायका रडत होत्या आणि मी त्याचा हात धरून बसले होते. हात गरम होता. कपाळ तापलेलं होतं. छाती गरम. भिंती गरम, जमीन गरम, त्यात तो गरम. मी सगळ्यांना सांगत होते, ताप आहे, ताप उतरला नाही अजून, डॉक्टरला बोलवा. कुणीतरी म्हणालं, हिला धरा. मी आईंचा हात त्याच्या गळ्यावर ठेवला, म्हटलं, बघा. आईंनी हात काढून घेतला. जिवंत माणसासारखाच गरम होता तो. मी कशावरून मानायचं?

मग बर्फाच्या लाद्या आल्या. दोन्ही बाजूंनी लावल्या, वर भुसा होता तो झटकला. मी हात सोडला नाही. काही वेळाने त्याची बोटं गार झाली. मग मनगट. तेव्हा मला कळलं. दिवसभरात पहिल्यांदा मला कुणीतरी खरं सांगितलं असं वाटलं. आणि ताई, मला बरं वाटलं. त्या गारव्याचं मला बरं वाटलं. लाद्या वितळून पाणी माझ्या पायांखाली आलं, तर मी पाय तिथेच ठेवले. माझा नवरा मेला होता आणि मला गार लागत होतं म्हणून बरं वाटत होतं. तेव्हापासून मला दुसरं काही वाटलेलं नाही.

तुमच्या पूलवर उपासना डोळे मिटून पडली होती. दंड तापला होता. मला वाटलं, ही पण. मी तिला थंड करत नव्हते. ती जिवंत आहे का ते बघत होते.

त्यानंतर मला कळलं की गरम अंगाला हात लावला की मला जिवंत आणि मेलेलं ओळखू येत नाही. मग तिला माझ्याजवळ कसं ठेवायचं? म्हणून तुमच्याकडे ठेवलं. तिला काय वाटेल हा विचार केला नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवू नका. मी सांगीन. मार्चच्या सुट्टीत तिला इकडे घेऊन या.

रत्ना


प्लेनो
२० फेब्रुवारी २००६

रत्ना, बाळा,

पत्र गाडीत बसून वाचलं, गॅरेजमध्ये. मग घरात गेले आणि भाजी फोडणीला टाकली. सुशांत म्हणाला, आई, तू रडतेयस. मला कळलंसुद्धा नव्हतं.

'सुवर्णा, बाबा येतील, चल घरी.' 'बाबा येतील, चल घरी', हे मी त्याला म्हणायची गं. उनाडताना. तो यायचा नाही, मी त्याला ओढायची.

तू इतके दिवस हे एकटीने धरून बसलीस. मी तुला काय काय म्हणाले. आता काही म्हणत नाही. टेक्ससला ये असंही म्हणणार नाही.

अकरा मार्चची तिकिटं काढली आहेत. तिला सोडून मी तिसऱ्या दिवशी परत फिरीन. सांगायचं काम तुझं आहे, मी असले तर ती माझ्या मागे लपेल.

सुवर्णाताई


नोव्हाय
२६ मार्च २००६

ताई,
जय भीम.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. स्वयंपाकघरात, टेबलाशी बसून. तुम्हाला लिहिलं तेवढं सगळं नाही, पण खोटं काही नाही. तिच्या बाबाला ऊन कसं लागलं ते सांगितलं. तो गेल्यावरही गरम होता, म्हणून मला वाटत राहिलं की तो आहे, हे सांगितलं. बर्फाचंही सांगितलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, 'वॉज ही हॉट लाइक मी? ॲट द पूल?'

मी म्हटलं, हो.

'बट आय वॉज ओके.'

म्हटलं, हो, तू ओके होतीस. मला कळलं नाही.

मग म्हणाली, 'यू शुडव्ह जस्ट आस्क्ड मी.'

आता विचारत जाईन, एवढं म्हटलं. मग तिने सीरियल आहे का विचारलं. दोन वाट्या खाल्ल्या. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी रडेन. दोघीही रडलो नाही.

शाळा तिला इथलीच हवी होती, गेल्या सोमवारपासून जाते आहे. सुशांतला मात्र रोज फोन करायचा आहे, तुमचं बिल वाढेल. मनगटं नळाखाली धरणं अजून सुटलेलं नाही. काल सहा वेळा धरली, मी शेजारी उभी राहिले. इथल्या एका कौन्सेलर बाईंकडे आम्ही दोघी आठवड्यातून एकदा जाणार आहोत, सुलभाताईंनी नाव सुचवलं होतं त्याच. मी बरी झाले असं समजू नका. कालही रस्त्यात एकाने हात पुढे केला, तो कोमट लागला आणि मी माझा मागे घेतला. उन्हाळ्यात काय होईल ते माहीत नाही. मी टेक्ससला येणार नाही, ताई. थंडी मला आवडते, ती पुढेही आवडेल. हे आता तुमच्यापासून लपवण्यासारखं राहिलं नाही.

परवा अवेळी बर्फ पडला, ओला, जड. उपासना शाळेतून आली ती थेट अंगणात गेली. मी गॅसपाशी होते, तिच्यासाठी आंबट वरण करत होते. ती कधी आत आली ते ऐकलं नाही. हातमोजे काढून तिने दोन्ही हात मागून माझ्या कुडत्यात घातले, उघड्या पाठीवर, खांद्यांपर्यंत. बर्फासारखे हात.

मी किंचाळले. डाव हातातून पडला. ती हसत सुटली, हसता हसता खाली बसली. माझ्या पाठीतून शहारा गेला तो थांबेना, दात वाजायला लागले, अंगावर काटा, डोळ्यांतून पाणी. मी तिचे हात धरले आणि चोळत राहिले, आणि म्हणत राहिले, केवढे गार, केवढे गार गं.

मला थंडी वाजली, ताई.

तुमची,
रत्ना